सांगितलेले आणि दाखवलेले

(नवागाम, सुरत येथे मराठी शिक्षक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



‘पालकत्व आणि नेतृत्व : रोजचे शिक्षण’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय मोठा आहे आणि मी प्राथमिक शाळेचा निवृत्त मास्तर आहे. मास्तराला मोठा विषय दिला की तो त्याचे लहान लहान पाठ करतो. मीही तेच करणार आहे. माझा पहिला पाठ शाळेतला नाही. तो उधन्याच्या एका लूमच्या खात्यातला आहे.

माझे वडील शिंदखेडा तालुक्यातून सुरतेला आले आणि लूमवर लागले. पुढे ते त्या खात्यात मास्तर झाले. म्हणजे आमच्या घरात मास्तर हा शब्द माझ्याआधी आला. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांचा डबा घेऊन जायचो. आत शिरले की कान बधिर व्हायचे. पन्नास माग एकदम चालत असतात तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, हे इथे बसलेल्या बहुतेकांना सांगायला नको. मग नव्या पोराला काम शिकवायचे कसे? वडील त्याला मागाशी उभे करत. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेले टोक शोधायचे, गाठ मारायची, धागा फणीतून परत ओढून घ्यायचा आणि माग सुरू करायचा. हे ते स्वतःच्या हाताने एकदा करत, दोनदा करत, तिसऱ्यांदा पोराचे हात आपल्या हातात धरून करत. तोंडातून शब्द नाही. पोरगा शिकायचा.

एकदा एक अख्खा ताका खराब निघाला. आदल्या रात्री मागावर हात वडिलांचाच होता. दुसऱ्या एका खात्यातल्या मास्तराची रीत वेगळी होती. त्याच्याकडे बिघाड झाला की तो सगळ्यांत नव्या पोरावर ढकलला जाई, आणि त्याची पोरे खराब कापड आतल्या घडीत लपवायला शिकली होती. माझ्या वडिलांनी तो ताका उचलला, पाच-सहा कारागीर बघत असताना शेठच्या गादीपाशी नेऊन ठेवला आणि म्हणाले, “चूक माझी आहे, माझ्या हिशेबातून कापा.” शेठने कापलेही. त्या महिन्यात आमच्याकडे तेल थोडे कमी आले. पण नंतर वडील सांगत, त्या दिवसापासून पोरे चूक झाली की स्वतःहून येऊन सांगू लागली. तीही त्याच दिवशी दाखवलेली गोष्ट होती.

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सभा, हार आणि माइक येतो. माझ्या मते ज्याच्याकडे पाहून दुसरा माणूस आपले वागणे ठरवतो, तो नेता. या अर्थाने लूमचा मास्तर नेता आहे, घरातली मोठी बहीण नेता आहे, आणि आई-बाप तर आहेतच. त्यांना निवडून कोणी दिलेले नसते, पण राजीनामाही देता येत नाही.

दुसरा पाठ माझ्या चुकीचा आहे, आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो तेव्हा मला शुद्ध भाषेचे फार वेड होते. आपल्या वस्तीतली मुले घरी अहिराणी बोलत. वर्गात कोणी ‘माले’, ‘तुले’ म्हटले की मी लगेच थांबवायचो. “माले नव्हे, मला.” मुले हसायची, ज्याला थांबवले तो खाली बघायचा, आणि मला वाटायचे आपण आपले काम चोख करतो आहोत. घरीही हीच शिस्त. मुलगी शाळेत जाऊ लागली तसा मी तिच्यासमोर माझ्या आईचेही बोलणे सुधारू लागलो. आई हसून सोडून द्यायची.

पुढे वडील गेले आणि आई गावी जाऊन राहिली. गावात शेजाऱ्यांकडे फोन होता. रविवारी ठरलेल्या वेळी आई तिथे येऊन बसायची आणि आम्ही इथून फोन लावायचो. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “काय करी ऱ्हायनी व माय? जेवनी का?” एका रविवारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, “आजी, नीट बोल ना.” आवाज माझा होता, धार माझी होती, फक्त तोंड तिचे होते. मी बाजूलाच उभा होतो आणि मला ते फारसे खटकलेही नाही.

पुढच्या रविवारी आईने विचारले, “बरी आहेस ना?” इतकेच. त्यापुढचे तिला त्या भाषेत सुचेना. पूर्वी दहा मिनिटे चालणारा फोन दोन मिनिटांत संपू लागला. तीन-चार रविवार असे गेले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी मुलीला मराठी शिकवतो आहे असे मला वाटत होते, आणि ती माझ्याकडून आजीची लाज बाळगायला शिकली होती. पहिली गोष्ट मी सांगितली होती. दुसरी दाखवली होती.

मुले सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले उचलतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. १९६१ साली अमेरिकेत अल्बर्ट बांदुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पारख केली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुले त्यांनी घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला मारले, ठोकले, वाईट बोलले. काहींसमोर मोठा माणूस शांत खेळत बसला. काहींना काहीच दाखवले नाही. मग मुलांना खेळण्यांच्या खोलीत सोडले. मारहाण पाहिलेल्या मुलांपैकी अनेकांनी तीच मारहाण केली आणि कित्येकांनी तेच शब्द वापरले. त्यांना कोणी “असे करा” म्हटले नव्हते. बक्षीसही ठेवले नव्हते. माझ्या मुलीलाही मी “आजीला बोल” असे कधी म्हटले नव्हते.

आता आपल्या वस्तीजवळून जाणाऱ्या रेल्वेमार्गाकडे या. उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारला जाते आणि दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव मागे टाकून जळगावला पोचते. नवापूरचे स्टेशन तर अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात. आपण या मार्गाला गावी जायची गाडी म्हणून ओळखतो. मला त्यावर शिक्षणाची दोन तीर्थेही दिसतात.

एक अमळनेर. साने गुरुजी तिथे १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. मुले अंथरुणे तशीच टाकून शाळेत जात, खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजींनी नियमांची पाटी लावून दंड बसवला असता तर तो त्यांचा अधिकार होता. त्यांनी मुले नसताना खोल्या झाडल्या, अंथरुणांच्या घड्या घातल्या, मळके कपडे धुतले. मुलांना लाज वाटली आणि मुले आपली कामे आपण करू लागली. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकातली आई फार शिकलेली नाही. तिच्याकडे पैसा नाही, वेळ नाही, प्रकृतीही नाही. तरी ती शिकवते, कारण मुलगा तिला रोज वागताना बघतो आहे. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजींनी जे केले ते ते घरून घेऊन आले होते. आईने केलेले शिक्षण असे एका पिढीनंतर शाळेत पोचले.

दुसरे तीर्थ जळगावजवळचे असोदे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म तिथला, १८८० सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या आपल्या बोलीत ओव्या-गाणी रचत. ती बोली लेवा समाजाची, आपल्या अहिराणीची शेजारीण. घरात एक शिकलेला, कविता करणारा मुलगा होता, सोपानदेव. विचार करा, त्या मुलाने “आई, नीट बोल” म्हटले असते तर? त्याने आणि त्यांच्या एका आप्ताने आईची गाणी जशी होती तशी उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सही न करता येणाऱ्या बाईचे नाव आज हजारो पदव्यांवर छापले जाते. मराठीला ही कविता मिळाली, कारण एका मुलाला आईच्या बोलीची लाज वाटली नाही.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पाठ्यपुस्तकातल्या बहिणाबाईंच्या कविता मी दरवर्षी तालासुरात शिकवत होतो आणि त्याच वर्गात ‘माले’ म्हणणाऱ्या मुलाला खाली बघायला लावत होतो.

मग मी काय केले? मुलीला समोर बसवले आणि म्हणालो, “बेटा, आजीचे बोलणे चुकीचे नव्हते. मी चुकलो. तू ते माझ्याकडून शिकलीस.” शिक्षकाला हे वाक्य बोलायला जड जाते. बापाला त्याहून जड जाते. त्या वेळी मला वडिलांचा तो ताका आठवला. मुलीने विचारले, “मग आता काय करायचे?” मी म्हणालो, एक वही घे. सुट्टीत आम्ही गावी गेलो. ती आजीच्या मागे मागे फिरायची आणि शब्द लिहायची. मुलगा म्हणजे ‘आंडोर’, मुलगी म्हणजे ‘आंडेर’, सगळे म्हणजे ‘बठ्ठं’, इथे म्हणजे ‘आठे’. आईला आधी वाटले नात थट्टा करते आहे. मग ती रंगात आली. आई गेली तेव्हा वहीत दोनशेच्या आसपास शब्द झाले होते. त्यातल्या काही शब्दांपुढे मुलीने अर्थ लिहिलेला नाही, पुढच्या सुट्टीत विचारू म्हणून जागा सोडली होती. त्या जागा तशाच आहेत. आता गावातही काही शब्दांचे अर्थ कोणी सांगत नाही.

शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, तिच्यात परीक्षा आहे, पुस्तके आहेत, नोकरीचे अर्ज आहेत. पण मुलाचा शब्द पुसून तिच्यासाठी जागा करायची गरज नाही. “माले नव्हे, मला” याऐवजी “तुझ्या घरी माले म्हणतात, पुस्तकात मला लिहितात” असे म्हणा. वेळ तेवढाच लागतो. फळ्यावर दोन रकाने करा. इथे तर तिसरा रकाना गुजरातीचा करता येतो. अहिराणीतले ‘शे’ आणि गुजरातीतले ‘छे’ शेजारी शेजारी लिहिले की मुले स्वतःच हसून सांगतात की ही दोघे नात्यातली आहेत. गुजरात सरकारने २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची केली आहे. ती आपल्या मुलांना यायलाच हवी. घरची बोली पक्की असलेले मूल दुसरी भाषा न बिचकता शिकते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

गुजराती आणि मराठी यांनी मिळून काय करता येते, याचे उदाहरण जुने आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी अंगणात बालवाडी भरवली. मुले गुरे घेऊन कुरणात जात, तर शाळा कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे जायचे, त्याच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची रीत.

माझ्या समोर बसलेल्या ताई म्हणतील, “सर, तुमचे खरे, पण आम्हाला वेळ कुठे आहे?” मी तुमच्या घरात येऊन बसलेलो आहे. नवरा बारा तासांच्या पाळीवर, घरात साड्यांचा ढीग, एका हाताने धागे कापायचे, दुसऱ्या हाताने भाकरी उलटायची. मी तुम्हाला आणखी एक काम सांगायला आलेलो नाही. जे चालू आहे त्यातच शिकवणे आहे. मूल साड्यांच्या घड्या मोजते, ते गणित आहे. किती साड्यांचे किती पैसे झाले, हे त्याला वहीत लिहायला सांगा. व्यापाऱ्याने हिशेब चुकवला तर तेच मूल तुम्हाला दाखवील. हात चालू असताना तोंड मोकळे असते. तुमच्या आईने सांगितलेली गोष्ट तिच्याच बोलीत सांगा. आणि व्यापाऱ्याने चुकून दोन साड्यांचे पैसे जास्त दिले, तर तुम्ही काय करता हे मूल बघत असते. त्या दिवशी जे कराल तो वर्षातला सगळ्यांत मोठा धडा ठरेल.

भावांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. पाळीवरून आल्यावर तुम्ही थकलेले असता. मुलाला “अभ्यास कर” म्हणून आपण मोबाइल उघडतो. मूल अभ्यास करत नाही, मोबाइल मागते. त्यात नवल काय? दहा मिनिटे त्याच्या शेजारी बसून जुने वर्तमानपत्र वाचले तरी चालेल. वाचता येत नसेल तर त्याला वाचायला सांगा आणि मन लावून ऐका. “हे मला येत नाही, तू मला शिकव” असे बापाने म्हटलेले मुलाने ऐकले, तर न येणे ही लाज नाही हे त्याला आपोआप कळते.

शेवटचा पाठ या शहराचा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. माणसे मिळेल त्या गाडीने पळाली, आपल्यातलेही कितीतरी जण गावी गेले. तुंबलेली गटारे आणि कचऱ्याचे ढीग यांसाठी हे शहर तेव्हा बदनाम होते. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी कार्यालयात बसू दिले नाही, आपापल्या विभागात रस्त्यावर पाठवले, आणि स्वतःही ते रस्त्यावर दिसू लागले. दोन वर्षांच्या आत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. दंड होता, नियम होते, यंत्रे होती. ती आधीही थोडीफार होतीच. पण सकाळी मोठा साहेब गटारापाशी उभा दिसला की झाडूवाल्यालाही आपले काम मोलाचे वाटते आणि दुकानदाराला कचरा बाहेर टाकताना हात आखडता घ्यावासा वाटतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी हे पाहिले आहे. माझे वर्गातले स्वच्छतेचे धडे जे करू शकले नव्हते, ते त्या सकाळींनी केले.

पण सगळे वरून येण्याची वाट बघू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. म्हणजे शाळा चालवण्यात तुमची खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे. ती रिकामी राहते, आणि मग आपण म्हणतो शाळा सुधारत नाही. पुढच्या बैठकीला जा. बोलता आले नाही तरी बसा. मूल घरी येऊन सांगेल, “आज माझी आई शाळेत खुर्चीवर बसली होती.” त्याला शाळा आपली वाटायला तेवढे पुरते.

माझी मुलगी आता स्वतः आई आहे. मागच्या महिन्यात ती आली होती. तिचा मुलगा खेळण्यात दंग होता, हाकेला ओ देईना. ती स्वयंपाकघरातून ओरडली, “काय करी ऱ्हायना रे? जेवना का?” नातू तिथूनच म्हणाला, “जेवना ना!” मी वर्तमानपत्र खाली ठेवले. दोन्ही वाक्ये व्याकरणाने बिनचूक होती.

ती वही मी आज सोबत आणली आहे. ज्या शब्दांपुढे जागा रिकामी आहे ते शब्द मी कार्यक्रम संपल्यावर फळ्यावर लिहिणार आहे. शिरपूर, शहादा, साक्री, चोपडा इकडची वडीलधारी माणसे इथे बसली आहेत. कोणाला अर्थ ठाऊक असेल तर सांगून जा. आणि घरी जाल तेव्हा मुलांनाही सांगा की आज एका म्हाताऱ्या मास्तराला आपण शिकवून आलो.